हीट एक्स्चेंजरला नळी कुठली घालायची? गोव्यातल्या लोकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हीट एक्स्चेंजर म्हणजे नळीच्या भिंतीतून एका बाजूच्या पाण्याची किंवा वाफेची उष्णता दुसऱ्या बाजूच्या पाण्याला किंवा हवेला देणारी जोडणी. ट्रॉलरवाले, भट्टीवाले, हॉटेलच्या मेंटेनन्सची मंडळी, बर्फाच्या कारखान्यातले फिटर, सगळे थोड्याफार फरकाने हेच विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एकच आहे आणि ते खाली सगळीकडे दिसेल: आधी पाणी बघा, नळी त्यानंतर ठरवा.

तांबं उष्णता सगळ्यात छान वाहून नेतं ना? मग तेच घ्यायचं, एवढा विचार कशाला?

वाहून नेतं, खरं आहे. आकडे बघितले तर तांब्याची नळी साधारण ३४० ते ४०० वॅट प्रति मीटर केल्विन, ॲल्युमिनियम २०० च्या वर, ९०-१० क्युप्रोनिकेल (९० टक्के तांबं, १० टक्के निकेल) ४० ते ५०, टायटॅनियम २० च्या आसपास आणि एसएस ३१६, म्हणजे स्टेनलेस स्टील, जेमतेम १६. हा तक्ता बघितला की माणूस म्हणतो स्टील म्हणजे तांब्याच्या वीसपट वाईट. पण तसं होत नाही, कारण उष्णतेला फक्त धातूच ओलांडायचा नसतो, नळीच्या आतून पाण्याचा एक पातळ थर चिकटलेला असतो, बाहेरून एक असतो, वर गाळ आणि शेवाळ, आणि खरी अडवणूक या थरांची असते. दोन्ही बाजूंनी पाणी चांगलं जोरात वाहत असेल तर १ मिमी जाडीची स्टीलची नळी घातल्यावर तांब्यापेक्षा १० ते १५ टक्के जास्त लांबी लागते, बस. एका बाजूला हवा असेल (रेडिएटर, एसीची कॉइल म्हणजे वेटोळी नळी) तर नळीच्या धातूने काहीच फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल, तिथे सगळा खेळ फिन्सचा (नळीवरच्या पातळ पत्र्यांचा) आणि पंख्याचा.

म्हणून "सगळ्यात भारी धातू कुठला" हा प्रश्नच मला पटत नाही. त्या पाण्यात नळी किती वर्षं टिकेल, हे विचारा.

आकडे घालून दाखवा, नुसतं सांगू नका.

काजूच्या भट्टीचं घेऊ, सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट. समजा भट्टीतून तासाला ५ लिटर माल (काजूची दारू) पडतोय. एवढी वाफ थंड होऊन पाणी व्हायची तर तासाला साधारण १० मेगाज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे २.८ किलोवॅट. कॉइल पिंपात बुडवलेली, पाणी जवळपास स्थिर, तर एक चौरस मीटर नळी दर अंशाला ४०० वॅटच्या आसपास उष्णता ओढते. वाफ ९० अंश, पाणी ४० अंश, फरक ५० चा. हिशोब केला की ०.१४ चौरस मीटर नळी लागते, आणि अर्धा इंची नळीच्या एका मीटरला ०.०४ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे साडेतीन मीटर. माल थंड होऊनच बाहेर पडायला हवा म्हणून पाच-सहा मीटर घाला.

आता तीच कॉइल स्टीलची केली तर? साडेतीनच्या जागी ३.६ मीटर. झालं, एवढाच फरक!

आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते हे, की २०० लिटरच्या पिंपातलं पाणी या उष्णतेने तासाला १२ अंशांनी तापतं. तीन तासांनी पिंप गरम, कॉइलच्या तोंडातून वाफ बाहेर आणि माल हवेत. एप्रिलमध्ये सत्तरी तालुक्यात पाणी आधीच कोमट असतं. त्यामुळे धातूवर वाद घालण्यापेक्षा पिंपाला खालून गार पाणी आत आणि वरून गरम पाणी बाहेर अशी वाट काढून द्या, तुमची अर्धी अडचण तिथेच सुटेल.

मग भट्टीला तांबं की स्टील?

भट्टीला माझं मत तांब्याचंच आहे, पण उष्णतेसाठी नाही. आंबवलेल्या रसातून गंधकाची जी वास मारणारी संयुगं येतात ती तांब्यावर अडकतात, मालाचा वास स्वच्छ राहतो. भाण (रस उकळायचं भांडं) तांब्याचं असेल तर कॉइल स्टीलची केली तरी हे काम बऱ्यापैकी होतं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, जोड कशाने मारलाय ते बघा. शिसं घातलेलं साधं सोल्डर अजिबात नको. वाफेत थोडं ॲसिटिक ॲसिड असतंच, ते शिसं विरघळवून मालात आणतं, आणि हे ना चवीला कळत ना डोळ्याला दिसत. चांदीचा ब्रेझिंग रॉड घ्या, तोही कॅडमियम नसलेला, नाहीतर शिसं नसलेलं टिनचं सोल्डर. जुन्या गाडीचा रेडिएटर कंडेन्सर म्हणून लावायची कल्पना कोणी दिली तर सरळ नाही म्हणा, त्यात शिशाचे जोड असतात आणि कूलंटचं विष आत मुरलेलं असतं. मे संपला की कॉइल आठ महिने पडून राहते, आत हिरवा थर धरतो, तर पुढच्या हंगामाला आधी लिंबू किंवा व्हिनेगरच्या पाण्याने धुवा, मग नुसत्या पाण्याची एक भट्टी लावा आणि ते पाणी टाकून द्या. आणि एक्साइजचं लायसन्स असल्याशिवाय भट्टी लावायची नाही, हे सांगायला नको.

समुद्राच्या पाण्याला एसएस ३१६ चालेल ना? दुकानदार "मरीन ग्रेड" म्हणतो.

रेलिंगला चालेल, बोटीच्या क्लीटला चालेल, कारण पावसात ते धुतलं जातं आणि मोकळ्या हवेत सुकतं. नळीच्या आत, जिथे खारं पाणी साचून राहतं आणि गाळ बसतो, तिथे नाही चालणार.

क्लोराइडचा हिशोब बघा. एसएस ३०४ ला साधारण २०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २०० भाग) ठीक, ३१६ ला १००० पीपीएमच्या आसपास, तेही गार पाण्यात. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड किती? १९,००० पीपीएम. म्हणजे मर्यादेच्या जवळपास सुद्धा नाही. वर तापमान ६० अंशांच्या पुढे गेलं की नुसती भोकं पडत नाहीत, ताणाखाली असलेल्या नळीला तडे जातात, बहुतेक बेंडवर किंवा वेल्डच्या बाजूला.

स्टीलची बिघडलेली नळी उभी चिरून बघा एकदा. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, कडेला जरासा तांबूस डाग, बाकी नळी नवीकोरी चकचकीत, आणि तोच ठिपका आतून पोखरत पोखरत भिंतीच्या आरपार गेलेला. आपण नळी बघून म्हणतो "मस्त आहे" आणि इंजिनाच्या पाण्यात मीठ उतरायला लागलेलं असतं. समुद्रासाठी स्टीलच हवं असेल तर सुपर डुप्लेक्स किंवा ६ टक्के मॉलिब्डेनमवालं घ्यावं लागतं, ते छोट्या नगात मिळायची मारामार असते, म्हणून आपल्यासारख्यांनी त्या वाटेला जायची फारशी गरज नाही.

ट्रॉलरच्या इंजिनाच्या कूलरला मग काय घालू?

९०-१० क्युप्रोनिकेल. मालीम असो, कुटबण असो की वास्कोचा खारीवाडा, छोट्या आणि मध्यम इंजिनाला याच्यापेक्षा समंजस निवड मला दिसत नाही. कॅटलॉगमध्ये सी ७०६०० लिहिलेलं असतं, रंगाला किंचित गुलाबी छटा. ७०-३० पांढुरकं दिसतं, जास्त वेग सोसतं, पण महाग. यातल्या तांब्यामुळे शेवाळ आणि शिंपले सहज धरत नाहीत हा आणखी एक फायदा, टायटॅनियमला तो नाही.

पण क्युप्रोनिकेल घातलं म्हणजे संपलं असं नाही, पाण्याचा वेग सांभाळावा लागतो. सेकंदाला १ मीटरच्या खाली गेलात तर गाळ बसतो आणि गाळाखाली गंज लागतो, अडीच मीटरच्या वर गेलात तर पाणी नळीवरचा संरक्षक थर ओरबाडून काढतं. साधं तांबं तर १ मीटरलाच दमतं, म्हणून समुद्राला साधं तांबं नको.

वेग मोजणं अवघड नाही. पंप तासाला ३ घनमीटर पाणी देतोय, आतून १० मिमीच्या २० नळ्या आहेत आणि पाणी सगळ्यांतून एकदमच जातंय, तर वेग येतो सेकंदाला अर्धा मीटर, कमी पडला. त्याच २० नळ्यांच्या दोन फेऱ्या केल्या, म्हणजे झाकणात पडदा घालून पाणी १० नळ्यांतून नेलं आणि १० नळ्यांतून परत आणलं, तर वेग १ मीटरच्या थोडा वर जातो. नळी तीच, पंप तोच, फक्त पडदा घातला आणि नळीचं आयुष्य बदललं. नवीन बंडल (नळ्यांचा जुडगा) बनवताना फिटरला हे विचाराच.

वेग जास्त झालेली नळी चिरली की आत घोड्याच्या नालेसारखे खड्डे दिसतात, चकचकीत, स्वच्छ धुतलेले, आणि ते बहुतेक पाणी आत शिरतं तिथल्या पहिल्या दोन-चार इंचांत असतात. नाहीतर जिथे शिंपल्याचा तुकडा अडकलाय त्याच्या लगेच पुढे. म्हणून स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) साफ ठेवा, आणि नळीच्या तोंडाला प्लास्टिकचा छोटा फेरूल (आत बसणारी कडी) बसवता आला तर बसवा.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कूलरचं काय करायचं?

बरं झालं विचारलंत, कारण सगळ्यात जास्त नळ्या मासेमारी चालू असताना नाही, बंद असताना मरतात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर धक्क्याला, आणि कूलरमध्ये मेचं खारं पाणी तसंच पडलेलं. आतले जीव मरतात, कुजतात, त्यातून सल्फाइड सुटतं आणि क्युप्रोनिकेलचा मोठा वैरी कोण तर हेच सल्फाइड. ऑगस्टमध्ये झाकण उघडल्यावर कुजक्या अंड्याचा वास आला आणि आत काळा थर दिसला तर समजा की सुरुवात झालेली आहे.

शेवटची फेरी झाली की त्याच दिवशी पाणी काढा, गोड्या पाण्याने धुवा, नळ्यांतून नायलॉनचा ब्रश फिरवा (तारेचा नको), आणि दोन्ही झाकणं उघडी ठेवून सुकू द्या. बंडल नवीन असेल तर पहिले दोन-तीन महिने जास्त जपा, नळीवर संरक्षक थर तयार व्हायला तेवढा वेळ लागतो, त्या काळात स्वच्छ वाहतं पाणी मिळालं तर पुढे वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

आमचं नदीचं पाणी आहे, मांडवीचं. ते तर गोडं ना?

ऑगस्टमध्ये गोडं, एप्रिलमध्ये खारं. मांडवी आणि जुवारी दोन्हींत उन्हाळ्यात भरतीबरोबर खारेपणा कित्येक किलोमीटर आत चढतो आणि पावसात पाणी जवळपास गोडं होऊन जातं, पण तेव्हा लाल गाळ एवढा असतो की नळी घासली जाते. म्हणजे तुमच्या नळीला दोन्ही मार खायचे आहेत, उन्हाळ्यात मिठाचा आणि पावसात गाळाचा. पावसात पाणी तपासून ३०४ घालणाऱ्यांचं पुढच्या मार्चमध्ये वाटोळं होतं. तपासणी मे महिन्यात, भरतीच्या वेळी करा, आणि निवड समुद्राचं पाणी धरूनच करा. बोट असेल तर कील कूलरचाही (बोटीच्या तळाला बाहेरून बसवलेल्या कूलरचा) विचार करा, त्यात नदीचं पाणी नळीत घ्यावंच लागत नाही.

टायटॅनियम घेऊन टाकू का, एकदाच काय तो खर्च?

हॉटेलचा पूल असेल तर हो, बिनधास्त. सॉल्ट क्लोरिनेटर लावलेल्या पुलात ३००० ते ४००० पीपीएम मीठ असतं, म्हणजे क्लोराइड २००० च्या आसपास, वर क्लोरीन, तिथे ३१६ टिकत नाही. टायटॅनियम ग्रेड २ ला ना क्लोराइडची भीती ना वेगाची. उष्णता कमी वाहून नेतं ही तक्रार पण पोकळ आहे, कारण अर्ध्या-पाऊण मिमीची पातळ भिंत पुरते.

वेल्डिंग मात्र कोणाकडूनही करून घेऊ नका. नळीच्या आतून आणि बाहेरून आर्गॉन लागतो. वेल्ड चंदेरी किंवा फिकट सोनेरी आला तर ठीक, निळा आला तर शंका घ्या, पांढरी पूड दिसली तर तो जोड कापून परत करायला सांगा. आणि ट्यूबशीट (नळ्यांची टोकं बसवायची जाड चकती) पितळेची ठेवलीत तर टायटॅनियम मजेत राहील आणि पितळ गंजत जाईल.

विहिरीचं पाणी तर स्वच्छ असतं, तिथे तांबं चालेल?

आपल्याकडची बरीचशी जमीन चिऱ्याची. चिऱ्यातून झिरपलेलं पाणी मऊ असतं, क्षार कमी, आणि पीएच बऱ्याचदा ७ च्या खाली. क्षार कमी म्हणून नळीत खपली धरत नाही, ते चांगलं. पण मऊ आणि आंबट पाणी तांबं हळूहळू खातं. बेसिनमध्ये नळाखाली निळा-हिरवा डाग दिसतो का बघा, दिसला तर तुमच्या घरातलं तांबं पाण्यात उतरतंय. पीएच साडेसहाच्या खाली असेल तर अशा पाण्याला मी एसएस ३०४ देईन, क्लोराइड कमी असल्यामुळे तिथे ते छान टिकतं. सोलर हीटरमध्ये तांब्याचे रायझर (उभ्या नळ्या) असतात म्हणून बोअरचं पाणी जोडण्याआधी पीएच बघाच.

किनाऱ्याजवळच्या विहिरींचं वेगळं, मेमध्ये पाणी मचूळ होतं, तिथे ३०४ नको.

बर्फाच्या कारखान्यात तांब्याची कॉइल लावली तर?

नाही. अमोनिया असेल तिथे तांबं नाही, पितळ नाही, क्युप्रोनिकेल पण नाही. ओलाव्याबरोबर अमोनिया तांब्याला आणि त्याच्या मिश्रधातूंना खातो, पितळेला तर तडेच पाडतो. स्टीलची सीमलेस नळीच घ्या. व्हॉल्व्ह आणि गेजसुद्धा आतून पितळेचे नाहीत ना ते बघा, जीवाशी खेळ आहे.

कोळंबीच्या टाकीचं पाणी थंड करायचंय.

तांबं आणि क्युप्रोनिकेल दोन्ही बाद, पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबंही कोळंबीला मारतं. टायटॅनियम घ्या. बजेट नसेल तर प्लास्टिकची नळी, पण मग लांबी भरपूर लागेल, २ मिमी जाडीच्या पेक्स (एक प्रकारचं प्लास्टिक) नळीला वर सांगितलेल्या पिंपासारख्या स्थिर पाण्यात तांब्याच्या तिप्पट.

दूध, कोकम सरबत वगैरे?

दुधाला ३०४. कोकमाला ३१६, आंबट आहे आणि बहुतेक वेळा मीठही असतं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको.

एसीची कॉइल दोन-तीन वर्षांत जाते, नळी बदलून फायदा होईल?

बाहेरच्या युनिटमध्ये बहुतेक नळी तांब्याची आणि फिन्स ॲल्युमिनियमच्या, खारी हवा दोघांना जोडते आणि ॲल्युमिनियम आधी झिजतं. कांदोळी-कोलव्यासारख्या जागी कोटिंग केलेल्या फिन्स घ्या आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने हळूच धुवा, याचा उपयोग नळी बदलण्यापेक्षा जास्त. आतल्या युनिटची गळती वेगळी, प्लायवूड आणि सफाईच्या केमिकलमधून निघणारं फॉर्मिक किंवा ॲसिटिक ॲसिड तांब्यात मुंगीच्या वारुळासारखे बारीक बोगदे पाडतं, भोक दिसत नाही पण गॅस जातो. खोलीला नवीन फर्निचर झालं असेल तर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

इंजिन कूलरमध्ये जस्ताची कांडी असते ती काढून टाकली तर चालेल?

ती संपावी म्हणूनच बसवलेली असते. ती झिजते म्हणून बाकीचे धातू वाचतात. निम्मी झाली की बदला. आणि तांब्याच्या नळीतून आलेलं पाणी पुढे ॲल्युमिनियममध्ये जाईल अशी जोडणी करू नका, पाण्यातून आलेलं तांबं ॲल्युमिनियमवर बसतं आणि तिथे भोकं पाडतं.

विकत घेताना फसवणूक कशी टाळायची?

लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही, दोन्ही जवळपास चिकटत नाहीत. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये नसतं, ते तपासायचं द्रव मिळतं, एक थेंब आणि बॅटरी, ३१६ असेल तर रंग बदलतो. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (धातूच्या ओतीचा नंबर) नळीवर छापलेल्या नंबरशी जुळवा, हे न लाजता दुकानातच करा. भंगारातली नळी पाण्याच्या कामाला घ्यायची तर आधी एक तुकडा चिरून आतून बघा. अजून एक गोंधळ नेहमी होतो, पाइपचं माप आणि ट्यूबचं माप वेगळं. अर्धा इंची ट्यूब म्हणजे बाहेरून १२.७ मिमी, अर्धा इंची पाइप म्हणजे बाहेरून २१.३ मिमी. ऑर्डर देताना बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी मिमीमध्ये लिहून द्या.

बसवून झाल्यावर टेस्ट कशी करायची?

कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाणी भरून, अर्धा तास काटा हलला नाही पाहिजे. हवेने टेस्ट करू नका, फुटलं तर माणूस जातो. पाणी गोडं वापरा, स्टीलची नळी असेल तर हे फारच महत्त्वाचं, धक्क्यावर आहोत म्हणून बादलीने समुद्राचं पाणी ओतायचं नाही. टेस्ट झाली की सगळं पाणी काढून हवेने नळ्या सुकवा, कारण बसवायला अजून तीन आठवडे आहेत म्हणून ओली ठेवलेली स्टीलची बंडल एक दिवसही न चालता भोकं पडून बाद झालेली असू शकते.